पथ्य एकट्या पेशंटचं नसतं

हातातलं काम आवरून, किंवा काम करता करताच, तुम्ही रेडिओ लावला असेल. काम चालू द्या, फक्त कान इकडे असू द्या. आज आपण दवाखान्यातल्या जेवणाबद्दल बोलणार आहोत.

बोलणाऱ्या आम्ही कोण, ते आधी सांगतो. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत रुग्णांच्या आहाराचं काम पाहणाऱ्या आम्ही काही जणी आहोत. आमच्यात कुणी आहारतज्ज्ञ आहे, कुणी सिस्टर आहे, तर कुणी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात रोज शे-दीडशे ताटांचा स्वयंपाक करते. कामं वेगवेगळी, पण अनुभव सगळ्यांचा सारखाच.

संध्याकाळी भेटीची वेळ झाली, की वॉर्डात डबे यायला लागतात. कुणी भिगवणहून येतं, कुणी निमगाव केतकीहून, कुणी वालचंदनगरहून. एसटीत गर्दीत उभं राहून, पिशवी छातीशी धरून आणलेला डबा असतो. फडक्यात बांधलेली भाकरी, वाटीत ठेचा, वर एखादं शहाळं नाहीतर घरच्या बागेतली डाळिंबं. डबा उघडला की सगळ्या वॉर्डात वास जातो आणि तीन दिवस तोंड वाकडं करणारा पेशंट उठून बसतो. त्या डब्यामागची माया आम्हाला दिसते. म्हणूनच त्याच्याबद्दल बोलणं अवघड जातं.

पण बोलायला हवं. कारण रुग्णालयातलं जेवण बेचव वाटलं तरी ते औषधाचाच एक भाग असतं. ताटासोबत एक चिठ्ठी असते. ‘मधुमेह’, ‘कमी मीठ’, ‘किडनी’, ‘पातळ आहार’, ‘मऊ आहार’ असं काहीतरी त्यावर लिहिलेलं असतं. शेजारशेजारच्या दोन खाटांवरची ताटं वेगळी दिसतात ती त्यामुळे. एकाला जे अमृत, तेच दुसऱ्याला अपाय करू शकतं.

एक प्रसंग सांगतो. नाव-गाव सांगत नाही, कारण असं कुणाच्याही घरी होऊ शकतं. एक आजी होत्या. दोन्ही किडन्या निकामी झालेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. आजींचा नातू फार मायेचा. आजीला अशक्तपणा आलाय म्हणून तो दोन दिवस रोज दोन-दोन शहाळी आणून पाजत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी आजींना हातपाय उचलेनात. छातीची पट्टी काढली, रक्त तपासलं, तर पोटॅशियम धोक्याच्या वर गेलेलं. तातडीनं डायलिसिस केलं म्हणून आजी वाचल्या. नातू कोपऱ्यात उभा राहून रडत होता. म्हणाला, “अवो ताई, शहाळं म्हंजे देवाचं पाणी. त्यानं कुणाचं वाईट व्हईल असं वाटलंच न्हाई.”

चूक त्या पोराची नव्हती. आम्ही पथ्य सांगितलं होतं ते आजींना. आजींनी मान हलवली होती. पण आणणारा, भरवणारा नातू होता, आणि त्याला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. तेव्हापासून आम्ही एक धडा घेतला, आणि तोच आज तुमच्यापर्यंत पोचवायचा आहे. पथ्य एकट्या पेशंटचं नसतं, ते सगळ्या घराचं असतं.

आता एकेक आजार घेऊ.

किडनीपासूनच सुरुवात करू. निरोगी किडनी जास्तीचं पोटॅशियम लघवीतून बाहेर टाकते. किडनी बिघडली की ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. शहाळं, केळी, संत्री-मोसंबी, डाळिंबाचा रस, टोमॅटो, बटाटा, रताळं, पालेभाज्या यांत पोटॅशियम भरपूर असतं. म्हणजे ही सगळी कायमची बंद असं नाही. रक्ताचा रिपोर्ट बघून किती चालेल ते डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवतात. भाजीतलं पोटॅशियम कमी करायची एक सोपी रीत आहे. भाजी बारीक चिरून भरपूर कोमट पाण्यात दोन तास भिजवायची आणि ते पाणी टाकून द्यायचं. मग दुसऱ्या पाण्यात उकडून तेही पाणी टाकायचं, आणि नंतर फोडणी द्यायची. दुकानात ‘कमी सोडियमचं मीठ’ मिळतं, ते मात्र किडनीच्या पेशंटला विचारल्याशिवाय देऊ नका. त्यात सोडियम कमी करून त्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं.

किडनीच्या आजारात आणखी एक घोटाळा होतो. डायलिसिस सुरू नसताना डाळी, अंडी, मटण बेतानं खायला सांगतात. डायलिसिस सुरू झालं की मात्र प्रथिनं जास्त लागतात, कारण डायलिसिसमध्ये ती थोडी वाहून जातात. अंड्याचा पांढरा भाग किंवा उजनीच्या पाण्यातल्या ताज्या माशाचा तुकडा अशा वेळी उपयोगी पडतो. पण घरात जुनी चिठ्ठी भिंतीवर चिकटवलेली असते आणि तेच जुनं पथ्य चालू राहतं. पेशंट मग वाळत जातो. आजाराची पायरी बदलली की पथ्यही बदलतं, हे लक्षात ठेवा. पाण्याचंही तसंच. किती पाणी प्यायचं हे लघवी किती होते, अंगावर सूज किती आहे यावर ठरतं. शेजारणीच्या सासऱ्याला जेवढं सांगितलं, तेवढंच आपल्याकडे चालेल असं नाही.

आता मधुमेह. आपला भाग उसाचा. गुऱ्हाळातला गूळ घरात असतोच, आणि “साखर बंद केलीय, गुळाचा चहा देतो” असं आम्ही रोज ऐकतो. मैत्रिणींनो, रक्तातल्या साखरेला गूळ आणि साखर यांत काही फरक कळत नाही. दोन्हींनी ती सारखीच वाढते. तसंच ज्वारीचं. ज्वारी-बाजरीची भाकरी चांगलीच, पण चालते म्हणून चार खाल्ल्या तर शुगर वाढणारच. ताटाचा अंदाज असा ठेवा : अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट भाकरी किंवा भात, आणि उरलेल्या पाव भागात डाळ, उसळ, अंडं किंवा मासा.

मधुमेहात किती खायचं याच्याइतकंच कधी खायचं तेही महत्त्वाचं असतं. इन्सुलिन घेतलं आणि जेवायला उशीर झाला, तर साखर एकदम खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजायची. पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा द्यायची, आणि सावरल्यावर जेवायला घालायचं. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. सरळ दवाखाना गाठा.

बीपी आणि हृदयविकाराच्या पेशंटचं पथ्य म्हणजे मुख्यतः मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ हवं. म्हणजे चहाचा एक सपाट चमचासुद्धा नाही, आणि त्यात सगळं आलं. आपण भाजीत मीठ कमी घालतो आणि बाजूला लोणचं, पापड, ठेचा, सुकट वाढतो. चहाबरोबर खारी आणि टोस्ट असतो, दुपारी फरसाण असतं. मीठ तिथून आत शिरतं. सैंधव मीठ चालतं असाही एक समज आहे. तेही मीठच आहे, मोजूनच खायचं.

आता कावीळ. कावीळ म्हटलं की आपल्याकडे पहिला उसाचा रस येतो. मग तेल-तूप बंद, हळद बंद, पिवळं दिसतं म्हणून वरणसुद्धा बंद. पेशंट आठ-आठ दिवस नुसत्या रसावर आणि भाताच्या पेजेवर काढतो. खरं म्हणजे लिव्हरला भरून यायला ताकद लागते. भात, भाकरी, वरण, ताक, भाजी, थोडं तेल, जे पचेल ते थोडं थोडं पण अनेकदा द्यायचं. रस्त्यावरच्या रसात घातलेल्या बर्फाचं पाणी कुठलं असतं, हा विचारही करा. काविळीचे दोन प्रकार अशाच घाण पाण्यातून पसरतात. आणि घरातल्या गरोदर बाईला कावीळ झाली, तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नका. गरोदरपणात ती जिवावर बेतू शकते.

लिव्हर कायमची खराब झालेल्या पेशंटचंही सांगतो. पोटात पाणी झालं असेल तर मीठ कमी करावं लागतं. पण डाळ, अंडी बंद करायची नसतात. पूर्वी डॉक्टरही प्रथिनं तोडायला सांगत, आता तसं सांगत नाहीत. अशा पेशंटनं रात्रभर उपाशी राहू नये, म्हणून झोपताना त्याला काहीतरी खायला द्यायचं.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री आम्ही सांगतो, “अमक्या वेळेनंतर काही द्यायचं नाही.” पण सकाळी सहाला कुणाची तरी आई किंवा बायको थर्मास उघडते. “दोन घोट चहानं काय होतंय?” होतं असं, की भूल दिल्यावर पोटातलं उलटून फुफ्फुसात जाऊ शकतं. आणि चहा घेतल्याचं लपवलं तर धोका वाढतो. चुकून दिलाच असेल तर लाजू नका, सिस्टरला सांगा. ऑपरेशन थोडं पुढं जाईल, पण माणूस सुखरूप राहील. ऑपरेशननंतरही आधी पाणी, मग पातळ, मग मऊ, मग रोजचं जेवण, हा क्रम डॉक्टरांना विचारूनच बदलायचा.

लकवा मारलेल्या पेशंटला आडवं ठेवून पाणी पाजू नका. गिळण्याची ताकद गेलेली असेल तर पाणी फुफ्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. अशांना पातळ पाण्यापेक्षा दाटसर पेज, घट्ट सरबरीत वरण गिळायला सोपं जातं. नाकातून नळी घातली असेल तर अन्न गाळून, डोकं आणि छाती उंच ठेवून सावकाश द्यायचं, आणि नंतर अर्धा-पाऊण तास तसंच बसतं ठेवायचं.

टीबीच्या पेशंटला पथ्य नको असतं, पोषण हवं असतं. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत दरमहा पैसे मिळतात. २०१८ साली ते ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाले आहेत. ते पैसे अंडी, शेंगदाणे, डाळी, दूध यांसाठी आहेत. याबाबत झारखंडमध्ये एक मोठा अभ्यास झाला, तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात टीबीच्या पेशंटबरोबर त्याच्या घरातल्या सगळ्यांनाही शिधा दिला होता. अशा घरांतल्या बाकीच्या माणसांना टीबी होण्याचं प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी झालं. पथ्य सगळ्या घराचं असतं असं आम्ही म्हणतो, ते या अर्थानंही खरं आहे.

आता तुम्ही म्हणाल, “ताई, एकाच चुलीवर किती जणांचं वेगवेगळं करायचं?” रास्त प्रश्न आहे. एवढ्या कामात बाईनं तीन-तीन स्वयंपाक करावेत असं आम्ही कधीच म्हणणार नाही. स्वयंपाक एकच करा, वाढताना फरक करा. वरण बिनमिठाचं शिजवा, पेशंटची वाटी बाजूला काढा, मग बाकीच्यात मीठ घाला. भाजीचंही तसंच. पेशंटच्या वाटीला चव यावी म्हणून वरून जिऱ्याची, लसणाची फोडणी द्या, लिंबू पिळा, कोथिंबीर घाला. बहुतेक घरांत भाकरीत मीठ नसतंच, ती सगळ्यांना चालते. आणि खरं सांगायचं तर कमी मीठ, कमी तेल, जास्त भाजी हे जेवण घरातल्या सगळ्यांच्याच हिताचं असतं.

एवढं सगळं सांगितलं, पण आमच्या मनात सगळ्यात जास्त जे सलतं ते अजून राहिलंय.

पुरुष आजारी पडला, की घरातली बाई त्याचं पथ्य सांभाळते. चिठ्ठी वाचून घेते, वेगळी वाटी काढते, वेळेवर ताट पुढं ठेवते. पण बाई आजारी पडली तर तिचं पथ्य कोण सांभाळतं?

एक मावशी आमच्याकडे दाखल होत्या. इंदापूरच्या बाजूचं, कालव्याकाठचं गाव. मधुमेह आणि त्यात पायाला जखम. दहा दिवसांत शुगर ताळ्यावर आली, जखम भरायला लागली. डिस्चार्जच्या दिवशी आम्ही आहाराचा कागद त्यांच्या हातात दिला, नीट समजावून सांगितलं. दोन महिन्यांत मावशी परत आल्या. जखम चिघळलेली, शुगर वाढलेली. त्यातच मध्ये एकदा सकाळी इन्सुलिन टोचून उपाशीपोटीच उसात गेल्या होत्या आणि बांधावर चक्कर येऊन पडल्या होत्या.

आम्हाला राग आला. “मावशी, एवढं सांगितलं होतं ना?” असं आम्ही जरा जोरातच म्हटलं. मावशी शांतपणे म्हणाल्या, “ताई, दवाखान्यात मला ताट वाढून मिळत हुतं. घरी ताट मीच वाढती.”

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. मावशी पहाटे चारला उठायच्या, चहा-बटर खाऊन कामाला लागायच्या. सगळ्यांचे डबे, मग शेत, दुपारी दोन-अडीचला कधीतरी भाकरी. रात्री सगळ्यांची जेवणं झाल्यावर जे उरेल ते. भाजी संपलेली असायची, भाकरी आणि रस्सा उरलेला असायचा. शिळं टाकवत नाही म्हणून तेही पोटात जायचं. आम्ही दिलेल्या कागदावरची भाजी, कोशिंबीर, वाटीभर उसळ त्यांच्या ताटात येणार तरी कुठून?

त्या वेळी आम्ही मावशींच्या मालकांना, मुलाला आणि सुनेला बोलावून घेतलं. सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं. वेगळा स्वयंपाक नको, तीनच गोष्टी करा. एक, इन्सुलिन टोचलं की अर्ध्या तासाच्या आत ताट त्यांच्यापुढं आलं पाहिजे, मग ते कुणीही वाढो. दोन, रात्री त्यांनी सगळ्यांबरोबर बसायचं, शेवटी नाही. तीन, शेतात जाताना त्यांच्या पदराला साखरेची पुडी असली पाहिजे आणि ती आहे का ते दुसऱ्या कुणीतरी बघायचं. सुनेनं लगेच मान डोलावली. मालक बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “सकाळचं ताट मी वाढीन. मला काय, चुलीपाशीच बसायचं असतं.”

मावशींच्या पायाला बरेच दिवस लागले, पण पाय वाचला. पुढच्या तपासणीला त्या आल्या तेव्हा मालक बरोबर होते आणि शुगर कधी किती होती ते त्यांनाच तोंडपाठ होतं.

म्हणून ऐकणाऱ्या प्रत्येकीला आमचं सांगणं आहे. तुम्हाला स्वतःला पथ्य सांगितलं असेल तर तो कागद डब्यात घडी घालून ठेवू नका. घरात मोठ्यानं वाचून दाखवा. आणि घरातली सासू, जाऊ, सून आजारी असेल तर तिचं ताट आधी वाढा. बाळंतिणीच्या बाबतीतही हेच. सरकारी रुग्णालयात बाळंतपण झालं, तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस मोफत जेवण मिळतं. ते तिचा हक्क म्हणून मागून घ्या. घरी गेल्यावर पालेभाजी वातूळ, पाणी बाधतं, असं म्हणत तिला उपाशी-तहानेली ठेवू नका. अंगावर पाजणाऱ्या आईला पाणीही जास्त लागतं आणि जेवणही.

जाता जाता आणखी एक. वारीत तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी आपल्या दोन्ही तालुक्यांतून जाते. तुमच्यापैकी कितीतरी जणी चालायला जातील, कितीतरी जणी वारकऱ्यांना जेवू घालतील. मधुमेह असेल तर चालताना जेवणाची वेळ चुकवू नका, साखरेची पुडी जवळ ठेवा, अनवाणी चालू नका. आषाढीच्या उपवासाचा विचार डॉक्टरांशी आधीच बोलून करा. साबुदाण्यानं शुगर भराभर वाढते, आणि बटाटा-रताळं किडनीच्या पेशंटला बाधतं. आजारी माणसानं, गरोदर बाईनं उपवास केला नाही तरी चालतो, हे आपल्या आजी-पणजीही सांगत आल्या आहेत.

डबा आणू नका, असं आम्ही म्हणत नाही. घरच्या डब्यानं पेशंटला उभारी येते, हे आम्ही रोज बघतो. फक्त उघडण्याआधी सिस्टरला किंवा आहारतज्ज्ञांना विचारा, “हे चालेल का?” आणि घरी सोडताना तीन प्रश्न विचारल्याशिवाय निघू नका. काय बंद, आणि किती दिवस बंद? त्याऐवजी काय द्यायचं? आणि पथ्य बदलून घ्यायला पुन्हा कधी यायचं? विचारताना जो घरी स्वयंपाक करतो आणि जो ताट वाढतो, त्या दोघांनाही बरोबर ठेवा.

आज संध्याकाळी घरात कुणाचं ताट शेवटी वाढलं जातं, तेवढं एकदा बघा.